गैरहजेरीचा फगवा

सकाळचे दहा वाजून गेले होते. तेल्हाऱ्याजवळच्या एका वावरात दीपमाला कासदेकर आणि तिची पोरगी आचल शेजारशेजारच्या ओळींत कापूस वेचत होत्या. दोघींच्याही कमरेला ओटी बांधलेली, आणि पाचवीतल्या आचलची ओटी आचलपेक्षा मोठी दिसत होती. तेवढ्यात दीपमालाचा नवरा पुंजाराम याच्या खिशातला मोबाइल टुणकन वाजला. पुंजारामला वाचता येत नसे. त्याने फोन पोरीपुढे धरला, आणि आचलने हातातला कापूस ओटीत टाकून मोठ्याने वाचलं, "प्रिय पालक, आपली पाल्य आचल पुंजाराम कासदेकर आज शाळेत उपस्थित आहे. अभिनंदन."

तिघंही थोडा वेळ त्या फोनकडे बघत राहिली. पुंजारामला अभिनंदन हा शब्द माहीत होता, म्हणून तो खूश झाला. निवडून आलेल्या माणसाचं करतात ते आपलं कोणीतरी केलं, याचं त्याला फार कौतुक वाटलं. दीपमालाला काही कौतुक वाटलं नाही. शाळा होती तिथे वर, मेळघाटातल्या जांभळीढाण्याला, सहा तासांच्या वाटेवर. आणि पोरगी होती इथे, तिच्या हाताशी, केसांत कापसाचे धागे अडकलेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. घड्याळ लावून घ्यावं इतक्या नेमाने तो फोन रोज वाजायचा आणि आचल रोज शाळेत उपस्थित असल्याचं स्वतः वाचून दाखवायची. पुढे पुढे तर पोरगीच फोन वाजला की आईला आपल्या कोरकू बोलीत सांगायची, की मी पोचले बरं का. दीपमालाला हसू येई आणि त्या हसण्याच्या मागोमाग राग येई.

हे संदेश गावात असताना कधी आले नव्हते, कारण गावात कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. रेंज फक्त शाळेला होती. अमरावतीच्या एका संस्थेने शाळेच्या छपरावर एक छत्री बसवली होती, आणि ती छत्री आकाशाशी बोलायची. गावाशी बोलायची तिला गरज नव्हती.

ही संस्था आदल्या पावसाळ्यात तीन गाड्या भरून गावात उतरली होती. आदिवासी मुलांपर्यंत आधुनिक शिक्षण पोचवायचं, असा त्यांनी विडा उचलला होता. पौर्णिमा मॅडम या त्यांच्या प्रमुख. त्यांनी सत्तावीस मुलांसाठी सत्तावीस टॅब आणले, पिवळ्या कव्हरातले. आयाबापांनी एकेक टॅब छातीशी धरून फोटो काढला, आणि फोटो निघाल्यावर टॅब परत घेऊन कपाटात कुलूपबंद केले. कपाटाची किल्ली शाळेच्या देवीदास सरांकडे. टॅबमध्ये कोरकू भाषेतले धडे होते. ते वाचणारी बाई शहरातल्या बंद खोलीत बसून कागदावरची कोरकू वाचत होती. दीपमालाची सासू तानुबाई हिने तो आवाज एकदाच ऐकला आणि विचारलं, ही बाई आजारी आहे का. एका धड्यात सरकत्या जिन्यावर पाय कसा ठेवावा ते शिकवलं होतं. जांभळीढाण्यात दोन पायऱ्यांच्या वर जिना नाही, आणि त्या दोन पायऱ्याही देवाच्या ओट्याला आहेत.

पण संस्थेला खरा अभिमान होता तो हजेरीचा. मुलाने टॅबपुढे तोंड धरायचं, टॅबने ते ओळखायचं, आणि हजेरी थेट अमरावतीला. मास्तरांची लबाडी संपली, असं पौर्णिमा मॅडम म्हणाल्या होत्या. त्यासाठी सत्तावीस मुलांचे झकास रंगीत फोटो काढले गेले, आणि शोभा म्हणून तेच फोटो मोठे करून वर्गाच्या भिंतीवर एका फलकावर लावले गेले. फलकावर लिहिलं होतं, आमचे डिजिटल तारे.

एवढे शहाणे लोक आले, नाकाने कांदे सोलून गेले, आणि त्यांतल्या एकानेही गावाला एक साधी गोष्ट विचारली नाही. गावातल्या कुत्र्यांनाही जी माहीत होती ती. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मुकादमांच्या गाड्या येतात, आणि अर्धं-पाऊण गाव भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन खाली वऱ्हाडात उतरतं. आधी कापूस, मग हरभरा. परत यायचं ते होळीला, कारण होळी चुकवली तर कोरकू माणूस कसला. हे दीपमालाच्या बापाच्या काळापासून चालत आलं होतं. संस्थेच्या योजनेत बारा महिन्यांचा रंगीत तक्ता होता, आणि त्या तक्त्यातले नोव्हेंबर ते मार्च हे महिने सगळ्यांत जास्त रंगवलेले होते.

दीपमालाला या पाच महिन्यांचा हिशेब पाठ होता. ती नऊ वर्षं शाळेत गेली आणि सातवीपर्यंत पोचली. दर दिवाळीला ती आईबापाबरोबर खाली यायची आणि होळीला परत जायची, तेव्हा वर्ग कुठल्या कुठे गेलेला असायचा. अपूर्णांक म्हणजे काय हे तिला आजवर कळलं नव्हतं, कारण अपूर्णांक नेहमी हिवाळ्यात शिकवत. ओळीने तीन वर्षं ती आली आणि अपूर्णांक नुकतेच होऊन गेलेले होते. चौथ्या वर्षी तिच्या बापाने तिचं लग्न लावून दिलं. आचलचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिने पोरगी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं.

म्हणून अभिनंदनाचे आठ-दहा संदेश झाल्यावर एक दिवस तिने वेचणी सोडली, पोरीचे केस ओल्या हाताने चापून बसवले आणि वावराच्या पलीकडे असलेल्या गावच्या शाळेत गेली. तिथले मुख्याध्यापक अब्दुल गफ्फार. डोक्यावर जाळीची टोपी, खिशाला दोन पेनं, आणि पंचवीस वर्षं त्याच टापूत नोकरी, त्यामुळे कोणत्या लेकराचा बाप कोणत्या वावरात राबतो हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी आचलला दोन गणितं घातली, एक धडा वाचायला लावला, आणि नाव घालायला संगणक उघडला. मग ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"बाई, हे पोरगी आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मेळघाटात हजर हाय," ते म्हणाले. "काल बी हजर होती. परवा बी. दिवाळीपासून एक दिवस खाडा नाई हिचा."

दीपमाला म्हणाली, की पोरगी तर तुमच्यासमोर उभी आहे.

"मले दिसून राहिली ना. पण दोन जागी नाव चालत नाई. तिकडून गेली असं लागल्याशिवाय मी इकडे आली असं लावू शकत नाई."

तरी गफ्फार गुरुजींनी पोरीला परत पाठवलं नाही. नाव नसलं तर नसलं, बस म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आचल पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागली. खिचडी मिळायची, पुस्तक शेजारणीचं. संक्रांतीपर्यंत तिला तीन आकडी भागाकार येऊ लागला, आणि एका संध्याकाळी तिने भाकरीचे तुकडे करून आईला अपूर्णांक शिकवले. दीपमालाने पाव भाकर खाल्ली, मग उरलेली पाऊण खाल्ली, आणि एवढंच होतं का म्हणून कितीतरी वेळ चुलीपुढे बसून राहिली. तीन वर्षं जिच्यासाठी रडली ती गोष्ट एका भाकरीत बसत होती.

जानेवारीत गुरुजींनी तिला बोलावून घेतलं. तेल्हाऱ्याला स्थलांतरित मजुरांच्या मुलींसाठी एक वसतिगृह होतं. सहावी ते दहावी, राहणं-खाणं तिथेच, बाराही महिने. आईबाप वर असोत की खाली, पोरगी एका जागी बसून शिकणार. आचलचं नाव गुरुजी द्यायला तयार होते. अट एकच, की पोरगी या वर्षी निदान तीन महिने मूळ शाळेतून बाहेर होती हे त्या शाळेच्या नोंदीत दिसलं पाहिजे. आणि नोंदीत तर ती एक दिवसही हलली नव्हती. अर्जाची शेवटची तारीख होळीनंतर आठव्या दिवशी होती.

"मले तिची हजेरी नको," गुरुजी म्हणाले. "मले तिची गैरहजेरी आणून दे. मंग पुढचं माह्याकडे."

दीपमालाने त्याच दिवशी जांभळीढाण्याच्या देवीदास सरांना फोन लावला. सर मूळचे चांदूर रेल्वेचे, परतवाड्याला खोली करून राहायचे आणि काळीपिवळी जीपने ये-जा करायचे, म्हणून त्यांचा फोन संध्याकाळी लागे. सर वाईट नव्हते, आणि तीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. दिवाळीनंतर सत्तावीसपैकी आठच पोरं उरली तेव्हा सरांची पाचावर धारण बसली होती, कारण आकडा जरा पडला की अमरावतीहून विचारणा व्हायची. सुट्टीनंतरच्या पहिल्याच सकाळी ते टॅब हातात घेऊन फलकाजवळून जात होते, आणि टॅब आपोआप टुणकन वाजला. त्याने फलकावरचा एक तारा ओळखला होता. सरांनी टॅब पुढे सरकवला, दुसरा वाजला. त्या दिवसापासून रोज सकाळी सर त्या फलकापुढे आरती ओवाळावी तसा टॅब फिरवत, आणि सत्तावीसच्या सत्तावीस पोरं हजर होत. मास्तरांची लबाडी संपवायला आणलेल्या यंत्राने मास्तरांना लबाडी घरपोच आणून दिली होती.

सगळं ऐकून घेतल्यावर सर दुखावल्यासारखे बोलले.

"बाई, लोक हजेरीसाठी भांडतात. तुमी गैरहजेरीसाठी काहून भांडून राहिल्या? पोरीची शंभर टक्के हाय. आपल्या शायेले बक्षीस भेटून राहिलं."

तिने पुन्हा सगळं सांगितलं. वसतिगृह, अट, तारीख. मग सर म्हणाले, की एकदा यंत्रात गेलेली हजेरी त्यांना काढता येत नाही, ते फक्त अमरावतीहून होतं. हे मात्र खरं होतं. वेळ मारून नेणाऱ्या माणसाच्या तोंडूनही कधी कधी खरं निघतं. त्यांनी तिला मदतीचा एक नंबर दिला. तो लावल्यावर कोरकूसाठी एक दाबा असं आलं. तिने एक दाबलं, आणि तीच आजारी बाई सावकाश सांगू लागली, की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दीपमाला रोज दुपारी तो नंबर लावायची आणि बाई रोज तेच सांगायची. शेवटी दीपमालाच तिला उलट सांगू लागली, की बये, औषध घे.

हरभरा सोंगून झाला, होळी आली, आणि सगळे वर गेले. गावात चढल्यावर कळलं, की बक्षिसाचा समारंभ ठरला आहे, होळीच्या तिसऱ्या दिवशी. पौर्णिमा मॅडम येणार, जिल्ह्याचे एक साहेब येणार, चित्रीकरण होणार. देवीदास सर घरोघर फिरून हात जोडत होते, की त्या दिवशी पोरांना गणवेश घालून दहाला वर्गात बसवा. लोकांनी हो म्हटलं. लोक सरांना नेहमीच हो म्हणत. पण होळीचे पाच दिवस शाळेचे नसतात, फगव्याचे असतात, हे सरांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

फगव्याची रीत साधी आहे. रस्त्यावर बांबू आडवा धरायचा, ढोलकी-बासरी वाजवायची, बायांनी गाणी म्हणत नाचायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने फगवा दिल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. साहेब असो की भंगारवाला, बांबू सगळ्यांना सारखाच. आणि एकदा फगवा मिळाला की बांबू उचलायचा, त्या माणसाला पुन्हा अडवायचं नाही. जांभळीढाण्यात हा बांबू तानुबाई धरायची. तिने धरलेला बांबू आजवर कुणी फुकटात ओलांडला नव्हता.

आदल्या संध्याकाळी दीपमालाने सासूला सगळं समजावून सांगितलं. तानुबाईने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, की गैरहजेरी म्हणजे पदरात बांधून नेता येते का. दीपमाला म्हणाली, नाही, पण मिळाली तर पोरगी शिकेल. मग तीच मागू, असं तानुबाई म्हणाली आणि बांबू बघायला उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या वळणावर सगळा गाव जमला. ते वळण मुद्दाम निवडलं होतं, कारण तिथे दरीपलीकडच्या मनोऱ्याची रेंज पकडायची. सगळी पोरंही तिथेच, पळसाच्या रंगाने माखलेली. गणवेश कुणाच्याच अंगावर नव्हता. दहा वाजता पांढरी गाडी वर आली आणि बांबूपुढे थांबली.

पौर्णिमा मॅडम तर हरखूनच गेल्या. खाली उतरल्या, चित्रीकरणवाल्याला कॅमेरा सुरू करायला सांगितला, आणि बायांच्या रांगेत शिरून दोन पावलं नाचल्याही. साहेब गाडीतच बसून राहिले, गॉगल लावून. नाच झाल्यावर मॅडमनी पर्समधून नोट काढली. तानुबाईने मान हलवली. मग त्यांनी गाडीतून संस्थेचं नाव छापलेल्या टोप्या काढल्या. तानुबाईने टोपीकडे बघितलंसुद्धा नाही. तिने दीपमालाकडे बोट केलं. दीपमालाची वऱ्हाडी वावरातली होती, पण पक्की होती.

"मॅडम, माह्या पोरीची गैरहजेरी द्या. तोच आमचा फगवा."

मॅडमना वाटलं बाई गोंधळली. हजेरी म्हणायचंय का तुम्हाला, असं त्यांनी गोड आवाजात विचारलं. लहान मुलांशी आणि आदिवासींशी बोलायचा तो आवाज त्यांनी वेगळा ठेवलेला होता. दीपमालाने सांगितलं, की नाही, गैरहजेरीच. पोरगी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून होळीपर्यंत तेल्हाऱ्याला होती, तिथल्या शाळेत बसत होती, आणि तुमच्या यंत्रात ती इथे आहे.

मॅडमचं हसू जरा आखडलं. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब ऐकत होते हे दिसल्यावर त्या आणखी गोड झाल्या आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने सांगू लागल्या, की असं होऊच शकत नाही, चेहरा ओळखल्याशिवाय हजेरी लागतच नाही, माणूस खोटं बोलेल पण यंत्र बोलत नाही. तेवढ्यात त्यांचा स्वतःचाच फोन टुणकन वाजला. त्यांनी मोठ्या डौलाने तो सगळ्यांपुढे धरला.

"हे बघा ताई. आत्ता, या क्षणी. दहा वाजून बारा मिनिटं. जांभळीढाणा शाळा, सत्तावीसपैकी सत्तावीस मुलं वर्गात हजर."

पोरांनी फोनभोवती गर्दी केली. त्यांना आपले फोटो दिसले, म्हणून ती खूश झाली. हा मी, ही मी, असं म्हणत प्रत्येकाने आपापल्या फोटोवर रंगाचं बोट टेकवलं. पडदा केशरी झाला. सत्तावीस हजर मुलं पडद्यात होती आणि तीच सत्तावीस मुलं पडद्याबाहेर उभी राहून एकमेकांना कोपरं मारत होती. कॅमेरा सुरूच होता. चित्रीकरणवाल्याला तो बंद करायला सांगावं, हे मॅडमना फार उशिरा सुचलं.

साहेबांनी गॉगल काढला, पोरांवरून नजर फिरवली, आणि काही मोजायच्या आत पुन्हा घातला. मोजलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. साहेब तीस-पस्तीस वर्षं नोकरीत होते, त्यांना कुठे मोजायचं नाही ते बरोबर कळत होतं.

दीपमालाने आचलला हाताला धरून पुढे आणलं.

"मॅडम, हे शायेत नोती तवा तुमी इले रोज हजर केलं आन् आमाले अभिनंदन धाडलं. आता हे खरंच शिकून राहिली, त तुमचं यंत्र इले जाऊ देत नाई. तुमी अमरावतीत बसून उंटावरून शेळ्या हाका, माही काई तक्रार नाई. फक्त माही शेळी सोडा."

ढोलकी केव्हाच थांबली होती. मॅडम काही बोलणार तोच साहेब गाडीतून म्हणाले, "मॅडम, एवढं एक करून टाका ना. पुढे जेवणाचं आहे."

मग पौर्णिमा मॅडमनी गाडीच्या टपावर आपला टॅब ठेवला, आचलचं नाव काढलं, आणि दिवाळीपासूनचे दिवस निवडले. एकशे सहा दिवस हिरव्याचे लाल झाले. त्यानंतर यंत्राने कारण विचारलं. कारण लिहिता येत नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. यादीत तीन कारणं होती: आजारपण, घरगुती समारंभ, पालकांची उदासीनता. स्थलांतर हे कारण यादीत नव्हतं. संस्थेतल्या कुणाला ते सुचलंच नव्हतं.

आजारपण लावलं तर डॉक्टरचा कागद लागतो, आणि समारंभाला सात दिवसांची मर्यादा आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आता गोड नव्हता. "तिसरंच लागेल. तुमच्यावर शिक्का बसेल ताई. विचार करा."

"लावा," दीपमाला म्हणाली.

मॅडमनी बोट टेकवलं. तानुबाईने विचारलं, दिला का फगवा. दीपमालाने होकार दिला, तशी म्हातारीने बांबू उचलला आणि गाडीला वाट दिली. रीत म्हणजे रीत. बाकीच्या अठरा पोरांच्या आया, ज्यांची लेकरंही तशीच खाली असताना वर हजर होती, एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांना आता कळत होतं, की आपणही हेच मागायला हवं होतं, पण बांबू उचलला गेला होता.

समारंभ झाला. व्हायचाच होता. आचल कासदेकर हे नाव विशेष बाब म्हणून वगळण्यात आलं आणि शाळेला सव्वीसपैकी सव्वीस मुलांच्या शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस देण्यात आलं. साहेबांनी तंत्रज्ञानावर भाषण केलं. देवीदास सरांनी चषक घेतला तेव्हा ते दीपमालाकडे बघायचं टाळत होते. तिला त्यांची कीव आली नाही. संध्याकाळी सरांनी फलकावरून आचलचा फोटो काढून घेतला, उगाच सवयीने उद्या टॅब तिथे वाजायला नको म्हणून.

होळीनंतरच्या सातव्या दिवशी दीपमाला आणि आचल तेल्हाऱ्याच्या गाडीत बसल्या. आचलजवळ पत्र्याची पेटी होती. गाडी घाट उतरून सपाटीला लागली, फोनला रेंज आली, आणि पुंजारामकडून मागून आणलेला तो फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. एकापाठोपाठ एक संदेश. आचलने पहिला वाचला, की आपली पाल्य आचल शाळेत अनुपस्थित होती, मग पुढचे वाचले नाहीत, कारण सगळे सारखेच होते. शेजारच्या प्रवाशांनी वैतागून बघितलं तेव्हा दीपमालाने फोन पदरात गुंडाळून मांडीवर धरला. पदरातही तो वाजतच राहिला. गैरहजेरी पदरात बांधून नेता येते, हे सासूला जाऊन सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं.

गफ्फार गुरुजी वसतिगृहाच्या कार्यालयात अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी संगणक उघडला, लाल दिवस बघितले, आणि मान डोलावली. मग खाली वाचता वाचता ते थांबले. अर्जात एक रकाना होता, मूळ शाळेच्या नोंदीप्रमाणे अनुपस्थितीचं कारण, आणि तिथे जे पडद्यावर आहे तेच उतरवायचं होतं.

"बेटी, हे कसं लिहू मी?" ते म्हणाले. "इथं पालकांची उदासीनता म्हणून राहिलं."

"उदासीन म्हंजे कसा असते जी माणूस?"

गुरुजींनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "ज्याले लेकराच्या शिक्षणाचं काईच वाटत नाई, तसा."

खिडकीतून आचल दिसत होती. पेटी खाली ठेवून ती दुसऱ्या दोन पोरींना काहीतरी दाखवत होती, बहुतेक आपलं नाव कुठल्या पलंगावर लावायचं ते. दीपमाला तिच्याकडे बघत राहिली. तिला त्या पिवळ्या कव्हरांच्या, रंगीत तक्त्यांच्या, गोड आवाजांच्या सगळ्या लोकांवर थुंकावंसं वाटत होतं. तिने गुरुजींच्या खिशातलं दुसरं पेन मागून घेतलं.

"लिवा जी," ती म्हणाली. "आन् सही कुठं करू ते सांगा."

गुरुजींनी रकाना भरला आणि जागा दाखवली. उदासीन पालकाने तिथे एकेक अक्षर नीट काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि पदरातला फोन पुन्हा एकदा वाजला.